ब्रश फिरतो, पण उमटत काहीच नाही

पत्र, थोडक्यात:

"मी निवृत्त शिक्षिका आहे. घरातले जुने फोटो स्कॅन करून त्यांवरचे डाग, चिरा, फिकेपणा घालवायचं काम चार महिन्यांपासून जिंपवर (फोटो एडिटिंगच्या मोफत प्रोग्रामवर) शिकते आहे. आवृत्ती २.१०. शिकणं सगळं व्हिडिओ पाहून. सध्या आईच्या तरुणपणीच्या फोटोवर अडले आहे. ब्रश कधी चालतो, कधी नुसता फिरतो, कधी एखाद्या कोपऱ्यात तेवढा उमटतो. काम वाढलं की सगळं संथ होतं. गेल्या आठवड्यात आईच्या गालावरची चीर भरत असताना प्रोग्रामच बंद पडला. आधी जेपीजी करून ठेवलेली प्रत उघडली, तर तिच्यात एकही लेयर (चित्राचे एकावर एक रचलेले थर) नाही. रात्री नीट वाटलेले रंग सकाळी मुलीच्या मोबाइलवर निळसर दिसतात. फोटोखाली नावं लिहायला गेले तर चौकोन उमटतात. भाच्याने तीनदा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, फरक पडला नाही. आता तो म्हणतो, कॉम्प्युटरच बदल. फोटो सहा बाय चार इंचाचा आहे, स्कॅन १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) ४८ बिट रंगात केलंय, लेयर अकरा झालेत, मशीनची मेमरी ४ जीबी. हे माझ्या हाताला जमणारच नाही का?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळं पत्र त्याच्याच ओझ्याखाली लिहिल्यासारखं वाटलं. हात चुकत असता तर ब्रश रोज सारखाच चुकला असता. कधी चालणं, कधी न चालणं आणि कधी एका कोपऱ्यात तेवढं चालणं ही हाताची लक्षणं नाहीत. कुठेतरी एक खिट्टी पडली आहे आणि ती तुम्हाला दिसत नाहीये, एवढंच. शिवाय तुम्ही आवृत्ती, डीपीआय, लेयरची संख्या, मेमरी हे सगळं न विचारता लिहिलंत. अशी पत्रं फार कमी येतात. निम्मं निदान तुम्हीच करून पाठवलं आहे.

फोटो एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये काही बिनसलं की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: दुखणं नेमकं कुठे राहतंय? त्या एका फाइलमध्ये, प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये की मशीनमध्ये? हे ठरल्याशिवाय औषध द्यायला गेलं की साप साप म्हणून भुई धोपटणं होतं. तुमच्या भाच्याने मनापासून मदत केली, पण ती भुईलाच लागली.

पाहायची रीत सोपी आहे. ब्रश अडला की काहीही न बदलता एक नवी कोरी फाइल उघडा, छोटी, हजार बाय हजार पिक्सेलची, आणि त्याच ब्रशने तिच्यावर एक रेघ ओढा. रेघ उमटली तर प्रोग्राम आणि मशीन दोन्ही ठीक आहेत, अडचण आईच्या फोटोच्या फाइलमध्ये आहे. नव्या फाइलमध्येही उमटली नाही, तर ब्रशची सेटिंग किंवा त्याहून मोठं काहीतरी. या चाचणीला अर्धं मिनिट लागतं. तुमच्या पत्रावरून मला जवळजवळ खात्री आहे की नव्या फाइलमध्ये रेघ उमटेल.

तसं वाटण्याचं कारण 'एखाद्या कोपऱ्यात तेवढा उमटतो' हे तुमचं वाक्य. ही सिलेक्शनची खूण आहे. फोटोचा एखादा तुकडा तुम्ही निवडलेला असतो, आणि तो निवडलेला असेपर्यंत ब्रश त्या कुंपणाबाहेर एक थेंबही सांडत नाही. एरवी कुंपण दिसतं, कारण त्याच्या कडेने मुंग्यांच्या रांगेसारखी तुटक रेघ सरकत असते. ती दिसली असती तर तुम्हाला लगेच कळलं असतं. म्हणजे कुंपण आहे आणि मुंग्या लपल्या आहेत. त्या लपल्या कशा?

तुम्ही व्हिडिओ पाहून शिकता, आणि एडिटिंगचे बरेचसे व्हिडिओ फोटोशॉपवर केलेले असतात. फोटोशॉप १९९० सालचं. जिंपची सुरुवात १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी केली. दोघांची कामं सारखी, पण कीबोर्डवरची बोली वेगळी. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि टी दाबलं की चित्राचा तुकडा लहानमोठा करायची चौकट येते. जिंपमध्ये तेच दाबलं की सिलेक्शनच्या मुंग्या नजरेआड होतात. सिलेक्शन तसंच राहतं, दिसेनासं होतं फक्त. व्हिडिओतला माणूस म्हणाला 'कंट्रोल टी', तुम्ही दाबलंत, चौकट आली नाही, तुम्ही पुढे गेलात. खिट्टी तिथे पडली असणार.

दुसरा घोटाळा याहून महागात पडतो. फोटोशॉपमध्ये सिलेक्शन सोडायला कंट्रोल डी दाबतात. जिंपमध्ये कंट्रोल डी म्हणजे अख्ख्या फाइलची नक्कल. सगळ्या लेयरसकट, आणि त्या सिलेक्शनसकटसुद्धा. म्हणजे तुम्ही सिलेक्शन सोडायला गेलात, ते सुटलं तर नाहीच, वर तीच अवजड फाइल मेमरीत दुसऱ्यांदा येऊन बसली. एकदा खिडकीच्या वरच्या पट्टीकडे बघा. आईच्या फोटोची एकापेक्षा जास्त छोटी चित्रं ओळीने दिसत असतील, तर हेच झालं आहे. पुढचा स्ट्रोक नेमका कोणत्या प्रतीवर पडतोय हेही मग कळेनासं होतं.

तर ब्रश अडला की आधी 'सिलेक्ट' मेनूत जाऊन 'नन' निवडा. कीबोर्डवर शिफ्ट, कंट्रोल आणि ए. मग 'व्ह्यू' मेनूत 'शो सिलेक्शन'समोर खूण आहे ना, ते पाहा. माझा अंदाज आहे की तुमच्या निम्म्या अडचणी इथेच संपतील. ज्यांची इथे संपणार नाही, त्यांनी लेयरच्या पॅनलकडे वळावं. आपण भलत्याच लेयरवर उभे असतो हे सगळ्यात नेहमीचं. लेयरला मास्क, म्हणजे त्याचा कोणता भाग दिसावा आणि कोणता झाकावा हे पांढऱ्या-काळ्याने ठरवणारा पडदा, जोडला असेल तर दोन छोटी चित्रं शेजारी शेजारी दिसतात. ज्याभोवती पांढरी कड आहे त्यावर आपण रंगवतोय. मास्क आधीच पांढरा असताना पांढऱ्या रंगाने कितीही घासलं तरी डोळ्यांना काही दिसत नाही, आणि माणूस माउस बदलायला निघतो. पारदर्शकतेला कुलूप लावलेल्या रिकाम्या लेयरवरही काही उमटत नाही. लेयर फोटोपेक्षा लहान असेल तर त्याच्या पिवळ्या तुटक रेघेबाहेर ब्रश मुका होतो. 'लेयर' मेनूतल्या 'लेयर टू इमेज साइझ'ने ते सुटतं.

डाग भरायला तुम्ही क्लोन टूल, म्हणजे एका जागचा रंग उचलून दुसरीकडे भरणारं साधन, वापरत असणार. तिथेही हीच दोन बोलींची गाठ आहे. कुठून रंग उचलायचा ते सांगायला फोटोशॉपमध्ये ऑल्ट धरून क्लिक करतात, जिंपमध्ये कंट्रोल धरून. आणि वेगळ्या रिकाम्या लेयरवर भरणी करणार असाल तर टूलच्या पर्यायांत 'सँपल मर्ज्ड'वर खूण हवी. नाहीतर टूल त्या रिकाम्या लेयरमधूनच रंग उचलायला जातं, आणि तिथे उचलण्यासारखं काही नसतं.

आता तीनदा काढून तीनदा टाकलेल्या सॉफ्टवेअरबद्दल. हे जरा सविस्तर सांगतो, कारण हा सल्ला जो तो देतो आणि तो का चालत नाही हे कोणी सांगत नाही. प्रोग्राम काढला की प्रोग्राम जातो. तुमची सेटिंग, ब्रश, पॅनलच्या जागा, टूलच्या सवयी हे सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये, तुमच्या नावाच्या जागेत राहतं. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, म्हणजे नवी आवृत्ती टाकली तरी तुमची मांडामांड मोडत नाही. त्यामुळे एखादी सेटिंग बिघडली असेल तर नवा कोरा प्रोग्राम उघडतो, जुनंच फोल्डर वाचतो आणि जुनंच दुखणं घेऊन उभा राहतो. घराला नवा रंग दिला, पण आतलं गळकं टाकं तेच.

सेटिंगचीच शंका असेल तर ते फोल्डर बाजूला करून पाहायचं. विंडोजवर ते तुमच्या यूजर फोल्डरमध्ये, ॲपडेटा, मग रोमिंग, मग जिंप, आणि त्यात २.१० या नावाने असतं. ॲपडेटा लपवलेलं असतं. फाइलच्या खिडकीत लपलेल्या गोष्टी दाखवायचा पर्याय चालू करावा लागतो. आधी जिंप पूर्ण बंद करा. मग फोल्डर पुसू नका, त्याला नुसतं दुसरं नाव द्या. जिंप पुन्हा उघडलं की ते स्वतःसाठी नवं स्वच्छ फोल्डर तयार करतं. दुखणं गेलं, तर सेटिंगमध्येच होतं. नाही गेलं, तर नवं फोल्डर बाजूला करून जुन्याला त्याचं नाव परत द्या, तुमचे ब्रश जिथल्या तिथे परत येतात. पुसू नका म्हणतोय त्याला आणखी एक कारण आहे. २.१० ही आवृत्ती कोसळताना उघड्या फाइली वाचवायचा प्रयत्न करते, आणि त्या याच फोल्डरच्या आत 'बॅकअप्स' नावाच्या फोल्डरात ठेवते. पुन्हा टाकण्याने हे फोल्डर जात नाही, म्हणजे तुमच्या गेल्या आठवड्यातल्या कामाचा काही भाग तिथे असण्याची आशा आहे. इतर काहीही करण्याआधी, हे वाचून झाल्यावर लगेच तिथे डोकावून या. प्रोग्राम आपण होऊन कोसळला नसेल, कोणी जबरदस्तीने बंद केला असेल किंवा वीज गेली असेल, तर तिथे काही नसेल, तेवढी मनाची तयारी ठेवा.

आता प्रोग्राम कशामुळे कोसळला, ते पाहू. इथे मशीनचा संबंध आहे, पण भाचा म्हणतो तसा नाही. तुमच्याच आकड्यांनी हिशेब मांडू. सहा इंच गुणिले १२०० म्हणजे ७२०० पिक्सेल, चार इंच गुणिले १२०० म्हणजे ४८००. एकूण ३ कोटी ४५ लाख ६० हजार पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे. ४८ बिटच्या स्कॅनमध्ये प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे दोन बाइट. एका पिक्सेलला आठ बाइट, एका लेयरला साधारण २७६ एमबी. अकरा लेयरचे ३ जीबी. त्याखेरीज मागे जाण्यासाठी साठवलेल्या पायऱ्या, आणि कंट्रोल डीने झालेली नक्कल. मोकळी जागा असलेला लेयर थोडी कमी मेमरी घेतो, त्यामुळे खरा आकडा खालीवर होईल. पण ४ जीबीपैकी काही तर विंडोजलाच लागते. जिंप मग उरलेला भार डिस्कवर टाकायला लागतं. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी संथ, म्हणून कर्सर गोल फिरत बसतो. आणि डिस्कवरही जागा नसेल तर प्रोग्राम हात टेकतो. काम चालू असताना डिस्कवर मोकळी जागा किती उरलीय ते एकदा बघाच.

आता हेच काम ६०० डीपीआयला आणि ८ बिटमध्ये करून पाहा: ३६०० बाय २४००, एका लेयरला साधारण ३५ एमबी, अकरा लेयरचे ३८० एमबी. आठपट फरक. तुमचं आहे ते मशीन हे आरामात पेलेल. कागदावरच्या सहा बाय चारच्या फोटोत ६०० डीपीआयच्या पलीकडे बहुतेक वेळा कागदाचा पोतच जास्त हाती लागतो, चेहऱ्याचा तपशील नाही. १२०० आणि त्यावरचे आकडे मी निगेटिव्हसाठी किंवा अंगठ्याएवढ्या फोटोसाठी राखून ठेवतो.

म्हणून १६ बिट निरुपयोगी असं मात्र म्हणत नाही. विटलेल्या फोटोचे फिके रंग आणि पिवळटपणा ओढून काढताना त्या जादा आकड्यांचा खरा उपयोग होतो. ८ बिटमध्ये फार ओढाताण केली की आकाशासारख्या सपाट भागात पट्टे पडतात. तेव्हा आधी एकाच लेयरवर, १६ बिटमध्ये, रंग आणि उजेड दुरुस्त करून घ्या. ती प्रत जपून ठेवा. मग 'इमेज' मेनूत 'प्रिसिजन'मध्ये ८ बिट निवडा, 'स्केल इमेज'ने आकार अर्धा करा आणि चिरा भरायला लागा. फोटो कृष्णधवल असेल आणि त्यावर तपकिरी-पिवळे डाग असतील, तर लाल चॅनेल, म्हणजे फोटोतले फक्त लाल रंगाचे आकडे, एकटा पाहून घ्या. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये तो सर्वांत काळा दिसतो आणि लालमध्ये पुष्कळदा जवळजवळ नाहीसाच होतो. तासन्‌तास घासायचा डाग असा एका पायरीत गेलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

अकरा लेयरही लागत नाहीत. दर टप्प्याला आधीच्या लेयरची नक्कल करायची सवय असेल तर ती सोडा. तळाशी दुरुस्त केलेला फोटो, त्यावर भरणीचा एक रिकामा लेयर, हवा तर चेहऱ्यासाठी आणखी एक. प्रत्येकाला नाव द्या: 'गाल', 'कड', 'पार्श्वभूमी'. महिन्याने फाइल उघडाल तेव्हा ही नावंच वाट दाखवतील.

जेपीजीत गेलेल्या लेयरबद्दल खोटी आशा दाखवत नाही: त्या प्रतीतून ते परत येणार नाहीत. जेपीजी हे १९९२ साली ठरलेलं मानक, एकाच सपाट चित्रासाठी. त्यात लेयर नाहीत, पारदर्शकता नाही, १६ बिटही नाहीत. वर, जागा वाचवण्यासाठी ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील टाकून देतं. पुन्हा पुन्हा उघडून, बदलून, त्याच नावाने ठेवलं की दर फेरीला थोडं थोडं झिजतं. दाखवायला, पाठवायला उत्तम, पण कामाची फाइल म्हणून ते वापरू नये. जिंपने २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून यासाठीच दोन दरवाजे केले: 'सेव्ह' म्हणजे एक्ससीएफ, जिंपची स्वतःची फाइल, लेयरसकट, 'एक्स्पोर्ट' म्हणजे जेपीजी वगैरे. पुष्कळांना याचा त्रास वाटतो. मला मात्र हा बदल मनापासून पटतो, कारण तो माझ्या वेळी नव्हता. शिकत असताना एका गटफोटोवर मी नऊ रात्री बसलो होतो. शेवटच्या रात्री एक माणूस जरा जास्तच उजळ केला आणि मूळ स्कॅनच्याच नावाने फाइल ठेवून दिली. मूळ फोटो तोवर ज्यांचा होता त्यांच्याकडे परत गेला होता आणि पुढे तो हरवला. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा खरा उजेड आता कुठेच नाही. तेव्हापासून मी स्कॅन झाल्या क्षणी एक प्रत वेगळ्या डिस्कवर टाकतो आणि तिला हात लावत नाही. तुम्हीही आईच्या फोटोचं तेवढं आज करा. मग कामाची फाइल एक्ससीएफमध्ये, दर बैठकीला नव्या क्रमांकाने: आई-१, आई-२, आई-३. प्रोग्राम कोसळलाच तर जाईल ते एका बैठकीतलं काम.

रंगांचं कोडं तुमच्या 'रात्री' या शब्दात आहे. तुमच्या स्क्रीनवर रात्री निळा प्रकाश कमी करणारी सोय चालू होत असणार. विंडोजमध्ये तिचं नाव 'नाइट लाइट'. स्क्रीन पिवळट होते, तुम्हाला फोटो पिवळा भासतो आणि तुम्ही निळा वाढवता. सकाळी दुसऱ्या पडद्यावर तो वाढवलेला निळा उघडा पडतो. एडिटिंग करताना ही सोय बंद ठेवा. आणि डोळ्यांपेक्षा आकड्यांवर भरवसा ठेवा: कलर पिकरने अशा जागी क्लिक करा जी तुम्ही पांढरी किंवा राखाडी केली आहे. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. समजा २३१, २३६, २४८ आले, तर फोटो खरोखरच निळसर आहे, मोबाइलचा दोष नाही. आकडे सारखे असूनही मोबाइलवर फरक दिसला, तर रंगाचं प्रोफाइल, म्हणजे कोणता आकडा म्हणजे नेमका कोणता रंग हे सांगणारी फाइलमधली नोंद, पाहायचं. 'इमेज' मेनूतल्या 'कलर मॅनेजमेंट'मध्ये 'कन्व्हर्ट' करून एसआरजीबी करा आणि मग एक्स्पोर्ट करा. १९९६ मध्ये पडद्यांसाठी आखलेलं हे प्रोफाइल जवळपास सगळीकडे समजतं. त्याच्याच शेजारच्या 'असाइन'ला हात लावू नका. कन्व्हर्ट रंग जसा दिसतोय तसा राखून आकडे बदलतं, असाइन आकडे तेच ठेवून रंग बदलून टाकतं.

नावांच्या जागी चौकोन येतात, याचा अर्थ निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. युनिकोड देवनागरी फाँट निवडा, चौकोन जातील. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला तर चौकोनांऐवजी भलतीच चिन्हं येतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

फोटोशॉपवर काम करणारे वाचकही असे प्रश्न पाठवतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. 'स्क्रॅच डिस्क भरली' हा संदेश आला की तो फोटोबद्दल काही सांगत नसतो. तात्पुरत्या कामासाठी लागणारी डिस्कवरची जागा संपली, एवढंच त्याचं म्हणणं. ब्रशचं गोल वर्तुळ जाऊन नुसती फुली दिसायला लागली, तर कॅप्स लॉक चालू आहे. पडदा लुकलुकत असेल, तुकडे काळे दिसत असतील, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरचा वापर थोडा वेळ बंद करून पाहा. आणि सेटिंग पहिल्यासारखी करायची असेल तर विंडोजवर प्रोग्राम सुरू होतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट तिन्ही धरून ठेवा. तो स्वतःच विचारतो.

भाच्याला माझा निरोप सांगा: कॉम्प्युटर बदलू नकोस. सवड असेल तेव्हा मावशीशेजारी अर्धा तास बस आणि ब्रश अडतो त्या क्षणी काहीही न दाबता स्क्रीनचा फोटो काढ, लेयरचं पॅनल आणि टूलचे पर्याय दोन्ही दिसतील असा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणं गेलं, तर कशाने गेलं ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एवढं करूनही सुटलं नाही तर तो स्क्रीनचा फोटो आणि संदेशातले शब्द जसेच्या तसे मला पाठवा. 'काहीतरी एरर आली' यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

राहिली गालावरची चीर. रिकाम्या लेयरवर, दोनशे टक्के मोठं करून भरा. ब्रश चिरेपेक्षा जेमतेम रुंद, कडा मऊ. रंग उचलायचा तो चिरेच्या अगदी लगतचा, उजेडाच्या त्याच बाजूचा; दुसऱ्या गालाचा कधीच नाही, कारण तिथे सावली वेगळी असते. लांब रेघ ओढू नका, छोटे ठिपके द्या आणि दर पाच-सहा ठिपक्यांनी उचलायची जागा बदला, नाहीतर त्वचेवर एकाच खुणेची नक्कल दिसायला लागते. मधून मधून शंभर टक्क्यांवर येऊन पाहा. आणि चीर डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत जात असेल तर तिथे पोचण्याआधी थांबा, फाइल नव्या क्रमांकाने ठेवा आणि तो कोपरा दुसऱ्या दिवशी, उजेडात, ताज्या डोळ्यांनी करा.